डोंगराला पाणसळ लावताना

गवंडी खोलीच्या भिंतींवर एकाच उंचीची खूण करतो ती पारदर्शक नळीत पाणी भरून. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत उभं राहतं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की खूण चुकते, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. ज्वालामुखी फुगतो आहे की खचतो आहे हे जमिनीच्या कलावरून मोजायला हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीवर १९५०च्या दशकात भूभौतिकशास्त्रज्ञ जेरी ईटन यांनी जी पद्धत रुळवली ती हीच. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर काँक्रीटचे ठोकळे, त्यांच्यात पंचवीस ते पन्नास मीटर अंतर, प्रत्येकावर पाण्याचं एक भांडं, भांड्यांना जोडणारी रबरी नळी, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला हलकेच टेकणारी मायक्रोमीटरची सुई. वाचन रात्री घ्यायचं किंवा आभाळ भरलेलं असताना. दिवसा नळीची एक बाजू उन्हात तापते, तिथलं पाणी हलकं होऊन पातळी वर सरकते, आणि डोंगर जागचा हललेला नसतानाही कललेला दिसतो.

हा कल किती बारीक असतो ते पाहा. एकक आहे मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीची ताठ पट्टी जमिनीवर ठेवून तिचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं, तर झालेला कल एक मायक्रोरेडियन. चाळीस मीटरच्या नळीत याचा अर्थ पाण्याच्या पातळीत ०.०४ मिलिमीटरचा फरक. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, साठू लागला की वरची जमीन फुग्यासारखी उचलली जाते आणि कडेची जमीन मध्यापासून बाहेरच्या बाजूला कलते. शिलारस निघून गेला की कल उलटा. तत्त्व एवढंच. बाकीचं सगळं काम उन्हापावसाने केलेला कल वेगळा काढण्याचं, आणि या विषयातला खरा कस तिथेच लागतो. एकट्या यंत्राचा आकडा खरा धरू नये. वेगळ्या कारणाने फसणाऱ्या दुसऱ्या यंत्राने दुजोरा दिला तरच धरावा.

कल मोजणारे आजचे टिल्टमीटर पाण्याच्या भांड्यांऐवजी काचेच्या एका बंद नळीवर चालतात. आत विद्युतवाहक द्रव, वर बुडबुडा, काचेत बसवलेले इलेक्ट्रोड. बुडबुडा सरकला की दोन बाजूंचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून कल कळतो. दोन दिशांसाठी दोन नळ्या, काटकोनात. यंत्र बोअरमध्ये उतरवतात आणि भोवती कोरडी बारीक वाळू थोडी थोडी टाकत ठासतात. सिमेंटचा मोह टाळावा. सिमेंट घट्ट होताना तापतं, आकसतं, आणि यंत्र बिघडलं तर ते बाहेर काढता येत नाही. वाळूत बसवलेलं यंत्रही सुरुवातीचे काही आठवडे, कधी महिने, आपल्याच वजनाने बसत राहतं. त्या काळातला लांब पल्ल्याचा कल टाकून द्यावा लागतो. बोअर जितकं खोल तितकं बरं. मीटरभर खोलीवर रोजचं ऊन-थंडी स्पष्ट दिसते, आणि आलेखावर सकाळ-संध्याकाळ इतकी सुरेख लाट उमटते की नवशिक्याला तो ज्वालामुखीचा श्वासच वाटावा.

पाऊस जास्त फसवतो. मोठी सर आली की भेगांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते, आलेख काही तासांत झपकन एका बाजूला जातो आणि मग दिवसेंदिवस हळूहळू परत येतो. नेमकी हीच चाल शिलारसाच्या छोट्या हालचालीचीही असू शकते. फरक ओळखायचा तो दिशेवरून. शिलारसामुळे आलेला कल सगळ्या केंद्रांवर एकाच मध्यबिंदूपासून दूर किंवा त्याच्याकडे दाखवतो. नकाशावर बाण काढून मागे वाढवले की ते एका जागी भेटतात. पावसाचा कल प्रत्येक बोअरच्या आसपासची भेग किंवा उतार जिकडे नेईल तिकडे जातो, बाण कुठेही भेटत नाहीत. म्हणून दोनच टिल्टमीटर असतील तर ते डोंगराच्या एकाच बाजूला कधीही लावू नयेत. आणि पर्जन्यमापक शेजारी नसेल तर टिल्टमीटर लावण्याचा खर्च निम्मा वाया गेला असं समजावं.

एवढं सांभाळलं तर हे यंत्र काय देतं ते किलाउएआवर २३ डिसेंबर २०२४ला सुरू झालेल्या उद्रेकात उत्तम दिसतं. हा उद्रेक सलग चालला नाही, टप्प्याटप्प्याने झाला. लाव्ह्याचं कारंजं काही तास किंवा दिवस उडायचं, मग थांबायचं. २०२५ संपेपर्यंत असे तीसहून अधिक टप्पे झाले. कारंजं सुरू झालं की शिखराजवळचा टिल्टमीटर खाली कोसळतो, दहा-वीस-तीस मायक्रोरेडियन. थांबलं की त्याच मिनिटांत आलेख वळतो आणि पुन्हा चढू लागतो. मागच्या टप्प्यात जेवढा कल गमावला तेवढा परत भरत आला की पुढच्या टप्प्याची वेळ जवळ आली असं धरून तिथली वेधशाळा अंदाजाची मुदत जाहीर करते. पाण्याची टाकी भरत आल्यावर कॉक उघडतो, तसंच काहीसं. पण हा कॉक दर वेळी नेमक्या त्याच पातळीला उघडत नाही, म्हणून अंदाज तारखेचा नसतो, काही दिवसांच्या पट्ट्याचा असतो.

टिल्टमीटर तासांचा आणि दिवसांचा राजा. वर्षांच्या हिशेबात मात्र तो भरकटतो, कारण द्रव, इलेक्ट्रोड, वाळू सगळंच हळूहळू बदलतं. तिथे जीपीएस लागतं.

मोबाइलमधलं जीपीएस काही मीटर चुकतं. इथे मिलिमीटर हवेत, म्हणून दोन तरंगलांब्यांवर ऐकणारा रिसीव्हर, दर ३० सेकंदांना नोंद, आणि चोवीस तासांच्या नोंदींमधून एक स्थान. असं केलं की आडव्या दिशेत दोन-तीन मिलिमीटरपर्यंत भरवसा धरता येतो. उभ्या दिशेत तो साधारण तिपटीने ढासळतो. कारण साधं आहे: उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. डावी-उजवी चूक दोन बाजूंचे उपग्रह एकमेकांची काटतात, वरची चूक काटायला खालून कोणी नाही. त्यात वातावरण. समुद्रसपाटीला, सरळ वरून येणाऱ्या लहरीलाही कोरडी हवा सुमारे २.३ मीटरचा उशीर लावते. तो हवेच्या दाबावरून हिशेबात धरता येतो. बाष्पाचा उशीर काही सेंटिमीटर ते दोन-तीन डझन सेंटिमीटर असतो आणि तासातासाला बदलतो. तो मोजता येत नाही, स्थानाबरोबरच गणितातून सोडवून घ्यावा लागतो. तिथे राहिलेली चूक थेट उंचीत उतरते.

अँटेना कशावर उभी आहे यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. उत्तम जागा म्हणजे उघडा, सलग खडक. त्यात भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा दांडा इपॉक्सीने बसवायचा. खडक नसेल तर चार-पाच तिरक्या नळ्या खोलवर रोवून वर एकत्र वेल्ड करायच्या, म्हणजे वरच्या मीटर-दीड मीटर मातीची हालचाल अँटेनाला लागत नाही. इमारतीच्या गच्चीवर बसवणं सोपं, पण काँक्रीट उन्हात ताणतं आणि इमारत स्वतः खचते. अँटेनाभोवती खोल कड्यांची वर्तुळाकार थाळी असते, ती जमिनीवरून आपटून येणारे सिग्नल अडवते. तिची खूण खऱ्या उत्तरेला करायची. क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांच्या खालचे उपग्रह गणितातून वगळायचे. आणि अँटेना बदलली की तारीख, मॉडेल, क्रमांक लिहून ठेवायचा, कारण प्रत्येक मॉडेलचा विद्युतकेंद्रबिंदू, म्हणजे सिग्नल जिथे पोचला असं गणितात धरतात तो बिंदू, वेगळा असतो. ही नोंद हुकली तर दहा वर्षांनी आलेखात सेंटिमीटरभराची पायरी दिसते आणि कोणीतरी त्यावर शिलारसाची कथा रचतं.

कायमचं केंद्र परवडत नाही तिथे ट्रायपॉड घेऊन जायचं आणि खडकातल्या पितळी खुणेवर दोन-तीन दिवस अँटेना उभी ठेवायची. या पद्धतीतल्या बहुतेक चुका उपग्रहांच्या नसतात, टेपच्या असतात. अँटेनाची उंची तीन बाजूंनी तिरकी मोजावी, मिलिमीटरमध्येही आणि इंचांतही, आणि दोन्ही आकडे जुळतात का ते जागेवरच पाहावं. ट्रायपॉड मोडायच्या आधी पुन्हा मोजावी. अँटेना बरोबर खुणेवर आहे का हे ज्यातून पाहतात तो प्रकाशीय ओळंबा १८० अंश फिरवून पाहावा. खूण जागची हलली तर ओळंबा बिघडला आहे.

ज्वालामुखीवरचे खास त्रास वेगळेच. सोलर पॅनेलवर राख बसते, बॅटरी उतरते, आणि केंद्र नेमकं हवं तेव्हा बंद पडतं. गंधकाचे वायू तांब्याच्या जोडण्या खातात. अँटेनावर बर्फ साचला की केंद्र सरकल्याचा भास होतो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ते परत जागेवर येतं, त्यावरूनच चोर सापडतो.

एक वजाबाकी विसरायची नाही. हवाई बेट ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर वायव्येला सरकतो. ज्वालामुखीची हालचाल पाहायची तर ही सरक आधी वजा करायची. शिवाय किलाउएआची दक्षिण बाजू शिलारस असो-नसो, वर्षाला काही सेंटिमीटर समुद्राकडे घसरत असते, आणि ४ मे २०१८च्या ६.९ क्षमतेच्या भूकंपात ती एका झटक्यात घसरली. ती घसरण वेगळी काढली नाही तर पोटातल्या शिलारसाचा हिशेब चुकतो.

लेव्हलिंगबद्दल, म्हणजे दुर्बिणीतून उभ्या पट्ट्या वाचून उंचीतला फरक काढण्याबद्दल, थोडक्यात. डंपी लेव्हल (ती दुर्बीण) आणि स्टाफ (ती पट्टी) ज्यांनी हाताळला आहे त्यांना नवं काही नाही. उन्हाने फारसा न लांबणाऱ्या इन्वार धातूचा स्टाफ, मागचं वाचन (बॅकसाइट) आणि पुढचं वाचन (फोरसाइट) समान अंतरावर, आणि तोच मार्ग जाऊन-येऊन दोनदा. उंचीच्या बाबतीत आजही हे जीपीएसला मागे टाकतं. पण माणसं चालत जावी लागतात, आणि उद्रेकाच्या तोंडावर ती पाठवता येत नाहीत.

उपग्रहातल्या रडारला मात्र कोणाला डोंगरावर पाठवावं लागत नाही. एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने दोन रडार-चित्रं घ्यायची आणि परतलेल्या लहरींच्या कलांमधला (फेजमधला) फरक काढायचा. जमीन उपग्रहाच्या दिशेने अर्धी तरंगलांबी सरकली की रंगांचं एक पूर्ण चक्र उमटतं. युरोपच्या सेंटिनेल-१ची तरंगलांबी ५.५ सेंटिमीटर, म्हणजे एक चक्र सुमारे २.८ सेंटिमीटरचं. चित्र मोहक दिसतं, डोंगराभोवती मोरपिसाच्या डोळ्यासारखी वलयं. चक्रं मोजायची आणि २.८ने गुणायचं.

त्या मोहकपणापासून सावध राहावं. १९९५ साली इटलीतल्या एटना ज्वालामुखीचं असंच चित्र प्रसिद्ध झालं, आख्खा डोंगर उद्रेकानंतर खचल्याचं दाखवणारं. पुढच्या काही वर्षांच्या अभ्यासात दिसलं की त्यातल्या वलयांचा बराच भाग बाष्पाचा होता. उंच शिखरावरची हवा विरळ आणि कोरडी, पायथ्याशी दाट आणि दमट. दोन दिवसांच्या हवामानात फरक असला की उशिराचा फरक उंचीप्रमाणे बदलतो, आणि डोंगराच्या उंचीच्या रेषांवरच वलयं उमटतात. ती ज्वालामुखीच्या फुगण्यासारखीच दिसतात. ओळखायची युक्ती अशी की संशयित दिवसाचं चित्र दुसऱ्या दिवसांच्या चित्रांशी जोडून पाहायचं. वलयं त्याच एका तारखेबरोबर येत-जात असतील तर दोष त्या दिवसाच्या हवेचा. खरी हालचाल तिच्या आधीचं एक आणि नंतरचं एक चित्र असलेल्या प्रत्येक जोडीत टिकते. अनेक चित्रांची सरासरी, हवामानाच्या प्रारूपातून दुरुस्ती, आणि शेवटी एखाद्या जीपीएस केंद्राशी मेळ, एवढं झाल्याशिवाय वलयं मोजायला बसू नये.

रडारच्या आणखी मर्यादा आहेत. ते तिरकं पाहतं, त्यामुळे वर-खाली आणि पूर्व-पश्चिम यांची सरमिसळ होते. उत्तरेकडे जाणाऱ्या आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन्ही फेऱ्यांची चित्रं घेतली की ती सुटते. उत्तर-दक्षिण हालचाल जवळजवळ दिसतच नाही. आणि झाडी. आखूड लहर पानांवरून परत फिरते, पानं दर वेळी वेगळी, चित्र करड्या ठिपक्यांचं होतं. लांब लहर झाडीतून खाली पोचते. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोटाहून सोडलेल्या निसार उपग्रहाचं महत्त्व इथे आहे. त्यात नासाचं सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचं रडार आणि इस्रोचं त्याहून आखूड लहरीचं रडार आहे, आणि दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो. इंडोनेशियासारख्या दाट झाडीच्या देशातले ज्वालामुखी, किंवा आपल्या अंदमानातलं माणसांची वस्ती नसलेलं बॅरन बेट, अशा जागांसाठी लांब लहर आणि नेमाने येणारी फेरी ही फार मोठी सोय आहे.

आता आकड्यांवरून पोटातलं कसं ओळखायचं? जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियू मोगी यांनी १९५८ साली जपानच्या साकुराजिमा ज्वालामुखीच्या आणि किलाउएआच्या मोजमापांना लावलेलं गणित आजही पहिल्या दिवशी वापरलं जातं. खोलवर एक छोटा गोळा फुगतो आहे असं धरायचं. त्यातून निघणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट खिशातल्या कागदावर मावते: कुठल्याही केंद्रावर आडवी सरक भागिले उभा उठाव, म्हणजे मध्यापासूनचं अंतर भागिले खोली. समजा, मध्यापासून ४ किलोमीटरवरचं केंद्र २० मिलिमीटर बाहेर सरकलं आणि १६ मिलिमीटर वर उचललं गेलं. खोली आली ३.२ किलोमीटर. तेच सूत्र पुढे चालवलं तर आत भर पडली सुमारे २८ लाख घनमीटरची, आणि बरोबर मध्यावर जमीन साडेसहा सेंटिमीटर उचलली गेलेली असणार.

आता जीपीएसच्या उभ्या चुकीकडे परत या. १६ मिलिमीटरमध्ये ६ मिलिमीटर इकडे-तिकडे धरा. खोली २ किलोमीटरही येते आणि ४.४ही. भर १९ लाख घनमीटरही आणि ४४ लाखही. म्हणून एका केंद्रावरून काढलेल्या खोलीच्या आकड्याला दशांश चिन्ह लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मध्याजवळ, एक खोली अंतरावर आणि दोन खोल्या अंतरावर अशी केंद्रं पसरली की हा घोळ आवरतो. तरीही आणखी एक गोष्ट उरते. शिलारसात वायूचे बुडबुडे असतील तर तो स्पंजासारखा दाबला जातो. मग आत बरंच काही शिरूनही जमीन कमी उचलली जाते, आणि उद्रेकात बाहेर पडलेलं घनफळ मोजलेल्या खचण्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं.

शिवाय सगळं काही गोळ्यातच नसतं. १० नोव्हेंबर २०२३च्या रात्री आइसलँडच्या ग्रिंडाविक गावाखाली शिलारस उभ्या भेगेतून घुसला, सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या पात्यासारखा. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर सरकल्या आणि मधला पट्टा गावासकट मीटरभराहून जास्त खचला. इथे मोगींचा गोळा लावला तर उत्तर हास्यास्पद येतं. असं पातं थंड झाल्यावर कसं दिसतं हे पाहायला मात्र आइसलँडला जायला नको. धुळे-नंदुरबारकडे उघड्या माळावर काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या सरळ किलोमीटरच्या किलोमीटर धावणाऱ्या टेकड्या म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातली तीच पाती. भोवतालचा खडक झिजून ती उघडी पडली आहेत.

ग्रिंडाविकजवळच्या स्वार्त्सेंगीला पुढे जे चाललं ते या शास्त्राचं यशही आहे आणि मर्यादाही. जमीन फुगत जायची, उद्रेक व्हायचा, ती खचायची, पुन्हा फुगायची. डिसेंबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात नऊ उद्रेक झाले. २०२४च्या सुरुवातीला ८० लाख ते १.३ कोटी घनमीटर भर पडली की धोक्याची मुदत सुरू झाली असं सांगता येत होतं. पुढे तो उंबरठा वर सरकत गेला आणि वाट पाहण्याचा काळ लांबला. फुगण्याने "लवकरच" एवढं कळतं. "आता" हे कळतं भूकंपांच्या झुंडीवरून आणि बोअरमधल्या दाबाच्या बदलावरून. तो इशारा कधी कधी तासाभराचाही नसतो.

इटलीत नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या विशाल विवरात वसलेलं पोझ्झुओली याच्या उलट टोकाला. तिथल्या रोमन बाजारपेठेच्या तीन संगमरवरी खांबांवर माणसाच्या उंचीच्या बऱ्याच वर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे ते गाव समुद्रात बुडून परत वर आलं आहे. १९८२ ते १९८४ या काळात तिथली जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, बंदरातल्या बोटी कोरड्या पडल्या, हजारो माणसं हलवली गेली. उद्रेक झाला नाही. नंतर जमीन हळूहळू खाली गेली आणि २००५पासून पुन्हा चढते आहे. शिलारस की तापलेलं पाणी आणि वायू, हा वाद एकट्या उंचीने सुटत नाही, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षणही मोजतात. जमीन एक मीटर वर गेली की नुसत्या उंचीमुळे गुरुत्वाकर्षण सुमारे ३०९ मायक्रोगॅलने (गुरुत्वाकर्षण मोजायचं बारीक एकक) घटायला हवं. घट त्याहून कमी असेल तर खाली वजन वाढलं आहे.

आणि सेंट हेलेन्स. १९८०च्या वसंतात या अमेरिकी डोंगराची उत्तर बाजू दिवसाला दीड-दोन मीटर बाहेर फुगत होती. लेझरने अंतर मोजून रोज आकडा येत होता. १८ मेच्या सकाळपर्यंत तो वेग वाढला नाही, बदललाच नाही. मग भूकंप, आणि ती बाजूच कोसळली. वेग स्थिर आहे म्हणजे धोका स्थिर आहे, हे गृहीत तिथे गाडलं गेलं.

पण त्याच विवराच्या तळावर पुढच्या काही वर्षांत लाव्ह्याच्या घुमटाचे बहुतेक उद्रेक आधी सांगता आले, आणि त्यातलं एक मुख्य साधन होतं पोलादी टेप. घुमट खालून ढकलला जायचा, भोवतालचा तळ फाटायचा, एक तुकडा दुसऱ्यावर चढायचा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, टेप दर वेळी सारख्याच ताणाने ओढायचा, अंतर लिहायचं, काही दिवसांनी परत यायचं. उद्रेक जवळ आला की सरकण्याचा वेग वाढत जायचा आणि कागदावरची रेषा वर वळायची. टेपचं तापमानही लिहावं लागतं. दहा मीटर पोलाद वीस अंशांनी तापलं की दोन मिलिमीटरहून थोडं जास्त लांबतं, आणि विवरात एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला वाफ असू शकते.